चाखून पाहण्याचा शब्द

समज, तुझ्या तळहाताच्या खळग्यात आमटीचा एक थेंब आहे. कोमट. हळदीचा, कडेला तेलाची बारीक सोनेरी रेघ असलेला, मध्ये मसुराचं एक साल अडकलेलं. हात जरा कलला तर तो मनगटाकडे धावेल, म्हणून बोटं किंचित आत वळवून धरलेली आहेत. आता तो चाट. झालं चाटून? आता सांग. ‘छान’ म्हणू नकोस हं, छान तर कुणीही म्हणेल. मीठ किती आहे ते सांग. नव्वद मुलांच्या आमटीला ते पुरेल की नाही ते सांग. आणि असं सांग, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तू काही सांगितलंस हे कळताही कामा नये.

जड आहे ना? संचिताला ते जून महिन्यापासून रोज जमत होतं.

अकरा वाजता पाणी प्यायची सुट्टी झाली की ती बाटली घेऊन शाळेमागच्या स्वयंपाकघरापाशी जायची, नळाखाली बाटली धरायची, आणि आई पळीतला थेंब तिच्या मोकळ्या हातावर टाकायची, चुकून उडाल्यासारखा. या शाळेत जेवण रांधणारी यशोदा ही तिची आई. संचिता तोंड पुसल्यासारखं करायची आणि म्हणायची, ‘‘पाणी कमी येता आज.’’ म्हणजे मीठ कमी. ‘‘बाटली सांडली गो,’’ म्हणजे जास्त झालंय. ‘‘भरली,’’ म्हणजे भरली. बाजूला खोबरं किसत बसलेली राधाबाई, आईच्या मदतीला असलेली, एकदा म्हणाली होती, ‘‘काय चेडू तरी तुझा, यशोदा! पाण्याचो हिशोब रोज आवशीक देता!’’

आज मात्र ती सुट्टीच झाली नव्हती. प्रजासत्ताक दिन चार दिवसांवर आला होता, आणि अजय सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, सगळी शाळा कवायतीला मैदानात उभी केली होती. एक — हात पुढे. दोन — हात वर. संचिता दुसऱ्या रांगेत होती. हात वर गेले की बाह्यांच्या मधून स्वयंपाकघराचं छप्पर दिसायचं, हात खाली आले की ते नाहीसं व्हायचं. छपरातून वाफ निघत होती. म्हणजे आमटी उकळते आहे… म्हणजे मीठ पडलं आहे. तीन — हात बाजूला. आणि सकाळी तिने वर्गातल्या चंदनच्या हातात दोन बाटल्या पाहिल्या होत्या, काळ्याजांभळ्या, झाकणाला कापड बांधलेल्या. ‘‘आजयेन आगळ दिल्यान शाळेक,’’ तो सांगत सुटला होता, जणू स्वतःच कोकमं पिळली होती.

आगळ. कोकमाचा तो घट्ट रस टिकतो तोच मुळी मिठामुळे. आईला हे ठाऊक नाही असं नाही. पण तिच्या माहेरी, वर घाटाच्या पायथ्याशी, आमटीत सुकी सोलं, म्हणजे आमसुलं, टाकायची रीत. आणि आगळ घराघराचं निराळं असतं. एखाद्या घरचं मीठ हळू बोलतं, एखाद्याचं ओरडतं. ते फक्त जिभेला कळतं… चार — हात खाली. सावधान. आणि जीभ इथे मैदानात उभी आहे.

मोहोराचा वास आला. कुंपणापलीकडच्या कलमांवर यंदा भरगच्च मोहोर होता, आणि वारा फिरला की तो गोड, जरासा तुरट वास सगळ्या शाळेवरून जायचा. बाकीच्या मुलांना तो येत असेल तसा संचिताला येत नसे. तिला तो आला की लगेच दुसरा विचार यायचा — आईला हा येत नाही.

तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी सगळ्या वाडीला ताप आला, आईलाही आला आणि गेला. आणि मग एका सकाळी दूध करपलं. घरभर धूर, करपट वास इतका की संचिता अंगणातून धावत आत आली, आणि आई शेगडीपासून दोन हातांवर बसून तांदूळ निवडत होती, शांत, एक एक खडा बाजूला काढत. ‘‘आई, दूध!’’ आईने मान वर केली, टोपाकडे पाहिलं, आणि मग — हे संचिता विसरली नव्हती — आईने स्वतःचा हात हुंगला. मग पदर. मग फडताळातून हिंगाची डबी काढून हुंगली. मग एक हिरवी मिरची मोडून चावली, आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी म्हणाली, ‘‘टोचता नुसती. लागणा नाय.’’ ओरोसच्या डॉक्टरांनी सांगितलं, चव येईल परत, कुणाला लवकर येते, कुणाला उशिरा. परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत राहिली आणि कुडाळ मागे पडल्यावर म्हणाली, ‘‘कोणाक सांगू नको.’’

तेव्हा संचिता आठ वर्षांची होती. ती म्हणाली, नाही सांगणार.

आणि कुणालाच कळलं नाही, याचं कारण अगदी विचित्र होतं. देवळातल्या समाराधनेचं जेवण नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नसतं. रांधणाऱ्याने वासावरून, रंगावरून, हाताच्या अंदाजाने मीठ घालायचं; जीभ देवानंतर. आईच्या माहेरी ती सवय रोजच्या स्वयंपाकालाही लागलेली. लग्न होऊन इथे आली तेव्हापासून वाडीत तिचं नाव झालं ते त्यामुळेच. ‘यशोदाक चाकूक लागणा नाय, तिचो हातच चाकता,’ असं बायका म्हणायच्या. यंदा जूनमध्ये शाळेत हे काम मिळालं तेही त्या नावावर. जी कधी चाखतच नाही, तिची चव गेली हे कुणाच्या लक्षात यावं कसं? उलट लोक अजून कौतुक करत होते, आणि प्रत्येक कौतुकाला आई थोडी थोडी खाली बघत होती, आणि ते फक्त संचितालाच दिसत होतं.

‘‘विश्राम!’’ अजय सर ओरडले.

विश्राम कसला. तिला आठवत नव्हतं की तिने शेवटचं नुसतं जेवण कधी जेवलं. घरी पहिला घास घेतला की आई विचारायची, ‘‘काय आसा?’’ आणि ती सांगायची. कढीपत्ता कमी, खोबरं जून, भाताला किंचित धूर लागलाय. लग्नाच्या पंगतीत, मामाकडे, कुठेही, घास तोंडात गेला की आत कुणीतरी बसून लिहायला लागे. ती भात खात नव्हती, भाताची खबर काढत होती. एकदा चंदनच्या घरी त्याच्या आजीने, काशीबाईने, घावणे वाढले, आणि संचिताच्या तोंडून निघून गेलं, ‘‘मीठ वायच कमी आसा.’’ काशीबाई कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. ‘‘अगो बाय! माझ्या चुलीर येवन माका शिकवतंस? उद्या माका पास-नापास करशीत!’’ सगळे हसले. संचिताही हसली. घरी येताना मात्र तिला रडू आलं होतं, आणि का ते सांगायला कुणी नव्हतं, कारण ज्या एका माणसाला सांगता आलं असतं त्यालाच ते सांगायचं नव्हतं.

कवायत संपली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मुलं वर्गाकडे धावली. संचिता स्वयंपाकघराच्या दिशेने चार पावलं गेली, तोच मागून हाक आली.

‘‘संचिता! आत ये बाळा, तुझा शब्द राहिलाय.’’

समीक्षा बाई. जूनमध्ये वैभववाडीहून बदलून आलेल्या, अजून शाळेच्या वाटेवरच्या उताराची सवय न झालेल्या. त्यांच्याकडे एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने एक उचलायची, शब्दकोशात अर्थ शोधायचा आणि तो शब्द कसा वापरतात ते दाखवणारी पाच वाक्यं स्वतःची लिहायची. चंदनला ‘अम्ब्रेला’ आला होता आणि तो दोन दिवस मिरवत होता. ‘‘माका छत्री गावली! तुका काय गावला ता?’’ त्याने तिची चिठ्ठी ओढून बघितली होती. ‘‘डि… गस… ह्या काय? औषधाचा नाव?’’

डिगस्टेशन. शब्दकोशात लिहिलं होतं: निरनिराळे पदार्थ थोडे थोडे, लक्ष देऊन चाखून पाहणे. खाली नमुन्याचं एक वाक्य होतं, त्यात मोठ्या हॉटेलात पाहुण्यांनी संध्याकाळभर बारा पदार्थ चाखले होते. संचिताने ते वाक्य कितीदा तरी वाचलं होतं. संध्याकाळभर! आणि चाखून झाल्यावर त्यांनी कुणाला काय सांगितलं, ते लिहिलंच नव्हतं. बहुतेक काहीच नाही. चाखलं आणि उठून गेले. तिला त्या पाहुण्यांचा राग आला होता, आणि रागाच्या खाली काहीतरी दुसरं होतं, भूक लागल्यासारखं. तिच्या वहीत दोनच वाक्यं झाली होती, दोन्ही हॉटेलातली, दोन्ही खोटी.

‘‘दोनच?’’ बाईंनी वही बघितली. रागावल्या नाहीत. ‘‘अवघड शब्द आला तुला. पण गंमत आहे त्यात. ‘टेस्ट’ तर आपण उठल्याबसल्या म्हणतो. टेस्ट केलं, बरं आहे, वाईट आहे, संपलं. हा शब्द तसा नाही. यात पोट भरायचं नाही आणि निकालही द्यायचा नाही. जिभेवर काय काय येतंय, आधी काय, मग काय, ते नुसतं बघत राहायचं. हा शब्द फार कुणाला लागत नाही. पण ज्याला लागतो, त्याचं दुसऱ्यावर भागत नाही.’’ मग एकदम त्यांचे डोळे चमकले. ‘‘पुस्तकात कशाला शोधतेस? आपल्याकडे रोज होतं की! चला रे सहावी, सगळे स्वयंपाकघराकडे. आज आमटी संचिता चाखेल.’’

शाळेत जेवण वाढायच्या आधी गुरुजींनी किंवा बाईंनी ते चाखायचं आणि चवीच्या वहीत लिहून सही करायची, हा नियम. वहीत बहुतेक दिवशी एकच शब्द असे, ‘उत्तम.’ पण दोन दिवशी तो नव्हता. जुलैत संचिताला ताप आला होता, ती घरी होती, आणि वहीत आलं, ‘मीठ नाही.’ दिवाळीच्या आधी ती परीक्षेत अडकली, आणि वहीत आलं, ‘फार तिखट; लहान मुले जेवली नाहीत.’ तेव्हा अजय सरांनी आईला बोलावून सांगितलं होतं, अगदी सौम्य आवाजात: ‘‘आणखी एकदा असं झालं, तर मला हा विषय शाळेच्या समितीपुढे न्यावा लागेल, यशोदाताई. मुलांच्या जेवणाचा प्रश्न आहे.’’ सौम्य आवाज फार वाईट असतो. आरडाओरडा निदान संपतो तरी.

बाई पुढे, मागे अठ्ठावीस मुलं. व्हरांड्याच्या पायऱ्या, नळ, नळाखालची शेवाळलेली फरशी… रोज ती इथे एकटी यायची.

आत आई उभी होती, कपाळावरचा घाम पदराने टिपत, आणि तिने आधी मुलांची गर्दी बघितली, मग तिच्यातली संचिता. त्या क्षणी दोघींनाही एकच गोष्ट आठवली, आज बाटली भरायला कुणी आलं नव्हतं. आईच्या पाठीमागे ओट्यावर आगळाची एक बाटली रिकामी होती.

‘‘यशोदाताई, आज आमच्या शब्दाचा प्रयोग आहे,’’ बाई हसत म्हणाल्या. अजय सर वही घेऊन आलेच होते, पेनाचं टोपण काढत. ‘‘लहानशा वाटीत द्या हिला.’’

‘‘हिका?’’ आई म्हणाली.

‘‘होय तर. तिचाच शब्द आहे.’’

वाटी हातात आली. आईची बोटं तिच्या बोटांना लागली, ती गरम होती. ‘‘सांग गो बेगीन,’’ मागून चंदन, ‘‘भूक लागली आसा हय!’’

तिने घोट घेतला.

खारट.

थोडंसं नव्हे. बाटली सांडली, नळच फुटला. तिचा चेहरा हलला नाही. या कामात चेहरा न हलवणं ती केव्हाच शिकली होती. आता फक्त एक शब्द. वहीत रोज असतो तोच. उत्तम म्हटलं की सर लिहितील, सही करतील, टोपण लावतील. पण मग वाढप होईल… पहिलीतली पोरं, ज्यांच्या पायांत चपला उलट्यासुलट्या असतात, ती पहिला घास घेतील आणि तोंडं वाकडी करतील, आणि तेव्हा सगळ्यांना कळेल, आणि तेव्हा वहीत ‘उत्तम’च्या खाली माझं नाव असेल. आणि खारट म्हटलं तर? तर ही तिसरी वेळ. समिती. आई सकाळी साडेनऊला शाळेत न येता घरी बसेल, आणि लोक म्हणतील, ‘यशोदाचो हात गेलो’… आणि ते हाताबद्दल म्हणतील, आणि तेही खोटंच असेल.

तिने आईकडे बघितलं. आई तिच्याकडे बघत नव्हती. आई तिच्या ओठांकडे बघत होती — रोजच्यासारखी, आमटीचं काय झालं ते त्या ओठांवरून वाचता येईल अशा आशेने — आणि संचिताला एकाएकी जाणवलं, की आईला खरंच माहीत नाही. समोर एवढा मोठा टोप उकळतो आहे, तो तिने स्वतः रांधला आहे, आणि त्यात काय आहे हे तिला ठाऊक नाही. तीन वर्षं ती अशीच उभी आहे, काळोखात हात पुढे करून. आणि मी रोज एक थेंब चाटून पळून जाते.

‘‘खारट आहे, बाई,’’ ती म्हणाली.

‘‘अरे देवा, माझ्या आजयेचा आगळ!’’ चंदन.

कुणीतरी हसलं. सरांचं पेन वहीवर थांबलं. राधाबाईने किसणी खाली ठेवली.

बाई मात्र हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. त्या गुडघ्यांवर हात टेकून संचिताच्या उंचीला आल्या. ‘‘निकाल नको देऊस. नीट सांग. आधी काय आलं जिभेवर?’’

आधी? तिला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. तिने दुसरा घोट घेतला आणि या वेळी लगेच गिळला नाही. ‘‘आधी… लसूण. मग हळद. मसूर छान मऊ आहे. मग आंबट, ते एकदम वर येतं. आणि त्याच्या मागून मीठ, आंबटाच्या आड लपून आल्यासारखं. आईने मीठ कमी घातलंय. तिने आठवणीने कमी घातलंय. पण आगळातच फार आहे.’’ आणि इथे थांबायला हवं होतं, इथे थांबली असती तर सगळं आगळावर गेलं असतं, काशीबाईच्या बाटल्यांवर, आणि उद्यापासून पुन्हा अकरा वाजता बाटली, नळ, थेंब… ‘‘आईला ते कळलं नाही. तिला चव लागत नाही, बाई. वासही येत नाही. ताप आला होता तेव्हापासून. रोज मी येऊन सांगते. आज कवायत होती.’’

एवढं सगळं ती एका श्वासात बोलली.

‘‘अगो बाय माझे,’’ राधाबाई हळूच म्हणाली. ‘‘म्हणान तू रोज बाटली भरूक येतंस.’’

आई टोपाकडे वळली, झाकण उचललं, परत ठेवलं. पाठ मुलांकडे. तिचे खांदे हलतात का ते संचिता बघत राहिली. ते हलले नाहीत. मग आईचा आवाज आला, अगदी साधा, भाव विचारल्यासारखा. ‘‘तीन वर्सा झाली. खरां आसा ता.’’

‘‘आणि माका सांगलंस नाय?’’ राधाबाई उठलीच. ‘‘माका? तुझ्या शेजाक बसतंय मी रोज! माझी जीभ काय खोबऱ्याबरोबर किसून टाकलंय?’’

‘‘सांगलंय आसतंय तर कामार घेतल्यानी आसती माका?’’

अजय सरांनी घसा साफ केला. बाहेर पहिली-दुसरीची पोरं ताटं वाजवायला लागली होती, आणि त्या आवाजानेच बहुधा राधाबाई भानावर आली. ‘‘उबी काय ऱवलंस? अर्धी आमटी दुसऱ्या टोपात काढ. कुकराक मसूर लाव आजून, बिनमिठाचो. चंदन, तुझ्या आजयेचा पाप आसा, तू बटाटे सोल!’’

मग वीस मिनिटं स्वयंपाकघरात जे चाललं, तसं त्या शाळेत कधी चाललं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. नारळाचं दूध पिळलं गेलं. प्रत्येक वेळी टोपात काही पडलं की बाई चार जणांना पुढे बोलवायच्या, चार वाट्या, चार घोट. ‘‘बरं-वाईट नको. काय येतंय ते सांगा.’’ आणि मुलं सांगायची, काहीही सांगायची. एक म्हणाला, मीठ आता दाराबाहेर गेलंय पण चपला आतच आहेत. एक म्हणाली, नारळ आल्यापासून आंबटाचा राग शांत झाला. चंदन म्हणाला, बटाटा. नुसतं बटाटा. आई पळी धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि आता ती लपून बघत नव्हती. मध्येच तिने मोठ्याने विचारलं, सगळ्यांना, ‘‘आता कशी आसा रे?’’ — ‘काय आसा’ हा प्रश्न तीन वर्षं फक्त एकीलाच विचारला जात होता, आणि आज त्याला नऊ-दहा आवाजांनी उत्तर दिलं. त्यातला एकही आवाज संचिताचा नव्हता. तिला कुणी विचारलंच नाही. ती खांबाला टेकून उभी होती. हातापायांत काहीतरी सैल होत होतं, थोडं विचित्रही वाटत होतं, खूप वेळ उचललेलं दप्तर खाली ठेवल्यावर खांदे आपोआप वर येतात तसं.

अजय सर वहीत लिहीत होते. ‘आमटी खारट झाली होती. दुरुस्त केली. पुन्हा चाखली.’ मग पेन थांबलं. ‘‘यशोदाताई, हे मला समितीला सांगावं लागेल. लपवता येणार नाही.’’

‘‘सांगा.’’

‘‘काय सांगेन ते…’’ त्यांनी टोपाभोवतीच्या गर्दीकडे बघितलं. ‘‘ते माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही. शनिवारी बैठक आहे.’’ आणि मग, उगीचच कडक आवाजात, ‘‘कुणी कुणी चाखलं? नावं सांगा एकेक.’’

‘‘माझा नाव पयला लिवा सर!’’ चंदन.

पंगत बसली. ताटं घेऊन मुलं व्हरांड्यात दोन रांगांत टेकली. आई वाढत वाढत पुढे येत होती, भाताची टोपली राधाबाईकडे, आमटीची बादली आईकडे. संचितासमोर ती थांबली, वाकली, आणि आमटी वाढताना इतकं हळू बोलली, की ते फक्त संचितालाच ऐकू यावं.

‘‘माका इचारल्याशिवाय सांगलंस.’’

‘‘होय.’’

आईने पळी बादलीत परत घातली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की नव्हता, ते संचिताला वाचता आलं नाही. पहिल्यांदाच आलं नाही. ‘‘बरां केलंस काय वायट, ता सांजेक सांगतंय. माका आजून कळूक नाय.’’ आणि ती पुढच्या ताटाकडे गेली. तिथल्या पोराला म्हणाली, ‘‘ढवळू नको रे, बटाटो फुटतलो.’’

शनिवारी काय होईल ते संचिताला माहीत नव्हतं. संध्याकाळी काय होईल तेही. समितीत कोण कोण असतं, ती माणसं ऐकतात की आधीच ठरवून येतात, आणि आई उद्या सकाळी तीच निळी साडी नेसून शाळेकडे निघेल की नाही — हे सगळं डोक्यात फिरत होतं, पण लांबून, पलीकडच्या वाडीत कुणी बोलत असावं तसं. तिने भात कालवला. मोठा घास केला, गालफडात मावणार नाही एवढा, आणि तोंडात घातला. आतलं ते लिहिणारं कुणीतरी पेन घेऊन बसलंच होतं, वाट बघत. तिने त्याला काही सांगितलं नाही. दुसरा घास घेतला. शेजारी चंदन आपण बटाटे सोलले ते किती पातळ सालीचे, हे सगळ्यांना सांगत होता. तिला हसू आलं आणि हसता हसता भाताचं एक शीत नाकात गेलं, मग ठसका, मग पुन्हा हसू. भात गरम होता. तिला भूक लागली होती. बस, एवढंच.

ताट रिकामं झालं तेव्हा आई रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

‘‘आई!’’ संचिताने तिथूनच हाक मारली, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी, आणि दोन्ही हातांनी ताट वर धरलं. ‘‘आजून वाढ.’’